रेनू कोण?

"रेनू? ही रेनू कोण? मैत्रीण का तुझी?"

सर असं म्हणाले आणि प्रयोगशाळेत सगळे हसले. मी फळ्यापाशी उभी होते. पीएच.डी.चं पहिलं वर्ष. विषय मराठीतून समजावून सांग, असं सरांनीच म्हटलं होतं. मी रेणूला रेनू म्हणाले होते. आमच्याकडे णचा न होतो. आमची वस्ती कात्रजच्या पुढे, गावाच्या कडेला. बौद्ध वस्ती. तिथे पाण्याला पानी म्हणतात आणि रेणूचं नाव कुणी काढत नाही.

त्या दिवसापासून माझं नाव रेनू पडलं. माझ्या बाटल्यांवर कुणीतरी मार्करने तेच लिहिलं. डबा खाताना, "रेनू, लोणचं दे." मी दिलं. रागाने कुणी म्हणत नव्हतं. आपण लाडाने म्हणतोय, असंच त्यांना वाटत होतं.

रसायनशास्त्राच्या मराठीत ण फार. अणू, रेणू, द्रावण, मिश्रण, गुणधर्म. प्रत्येक शब्दाआधी मी थांबू लागले. कर्वेनगरच्या वसतिगृहात, न्हाणीघरात नळ सोडून मी ण म्हणत असे. जीभ मागे वळवायची, टाळूला लावायची. जमलं. पण सरांसमोर उभी राहिले की जीभ पुन्हा सरळ व्हायची. शेवटी लॅबमध्ये विषयाबद्दल मराठीत बोलणंच सोडलं. मोडकंतोडकं इंग्रजी चालायचं. त्याला कुणी हसत नव्हतं.

काम असं होतं. काही औषधांचे रेणू दोन प्रकारचे असतात, डाव्या आणि उजव्या हातासारखे. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. रक्तदाबाच्या ज्या औषधावर मी काम करते, त्यातला एक हात गुण देतो, दुसरा जवळजवळ निरुपयोगी. ते वेगळे करायचे. त्यासाठी हव्या त्या रेणूभोवती प्लास्टिकसारखं पॉलिमर घडवायचं. घट्ट झालं की दळायचं, चाळायचं आणि आतला रेणू धुऊन काढायचा. त्याच्या आकाराची पोकळी मागे राहते. मग मिश्रण सोडलं की तो हात तिथे अडकतो, दुसरा बहुतेक निसटून जातो. धुणं नीट झालं नाही तर आत राहिलेला रेणू नंतर झिरपतो आणि निकाल खोटा ठरतो. माझे कित्येक निकाल असे खोटे ठरले. पुन्हा धुतलं. पुन्हा मोजलं.

माझी पावडर दोन हातांतला फरक ओळखू लागली तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. सरांच्या कानाला न आणि ण ओळखायला एवढा वेळ लागला नव्हता.

त्या वर्षी विज्ञान दिनाला शनिवार पेठेतल्या एका सभागृहात मराठीतून कार्यक्रम ठरला. माझा विषय निवडला. मी आईला फोन केला. तिने वस्तीत सांगितलं. आदल्या दिवशी सरांनी बोलावलं.

"मानसी बोलेल. तू स्लाइड पुढे घे."

मानसी माझ्यानंतर आलेली विद्यार्थिनी. मी म्हटलं, "सर, काम माझं आहे."

"नाही कोण म्हणतंय? पण श्रोते पेठेतले. निवृत्त मास्तर मंडळी. अर्धा तास रेनू ऐकवून त्यांना आजारी पाडायचंय का?"

मी बरं म्हटलं. आईला कळवायचं बळ उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई इस्त्रीची साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. मानसी चांगली बोलली. तिचे ण स्वच्छ. आकृत्या माझ्या, आलेख माझे. मी एकेक पुढे सरकवत होते. शेवटी सर आभार मानायला उठले.

"आणि लॅपटॉपमागे बसलीय ती आमची रेनू. रेणूंवर काम करणारी रेनू."

सभागृह हसलं. आईही हसली. तिने टाळ्या वाजवल्या.

बाहेर पायरीवर चपला घालताना ती म्हणाली, "तुला रेनू म्हनत्यात व्हय? ग्वाड नाव ठिवलंय गं. मायाळू हायेत तुजे सर."

गप्प राहिले असते तर हे नाव ती घरी घेऊन गेली असती. सांगायचं तर तिचंच बोलणं तिच्यासमोर धरावं लागणार होतं. दोन्ही नको होतं. मी सांगितलं.

"ते नाव नाही, आई. ते चिडवणं आहे. रेणू म्हणायचं असतं. आपण रेनू म्हणतो."

तिचे ओठ हलले. दोन्ही शब्द तिने म्हणून पाहिले असावेत.

"म्हंजी मलाबी हसली ती मानसं," ती म्हणाली. "आन् मी टाळ्या वाजीवल्या."

तिला सोडायला मी बसमध्ये चढले. कंडक्टर आला. एरवी तिकीट तीच मागते, सुट्ट्यावरून दोन शब्द भांडतेही. त्या दिवशी तिने तोंड उघडलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी तिकीट मागितलं. कात्रजपर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

एका हशात त्यांनी माझ्या आईला मुकी केली होती. माझं इतकी वर्षं तेच चाललं होतं, आणि मी त्याला सवय म्हणत होते.

सकाळी मी सरांच्या खोलीत गेले.

"सर, मला माझ्या नावाने हाक मारा. आणि प्रबंधाचं सादरीकरण मी करणार. मराठीत प्रश्न आला तर मराठीत उत्तर देईन. रेनू म्हणेन."

"अगं, गंमत होती ती. तुमच्यात फार लवकर लागतं मनाला."

"तुमच्यात म्हणजे कुणाच्यात, सर?"

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते. माहिती आहे ना?"

"माहिती आहे."

सही अजून झालेली नाही. मानसी मला नावाने हाक मारते. बाकीचे हाकच मारत नाहीत. थकवा आहे तेवढाच आहे. सही नाकारली तर कारण लेखी मागणार आहे, आणि ते घेऊन विद्यापीठात कुलगुरूंच्या दारात उभी राहणार आहे. मागे फिरणार नाही.

ण मला येतो. लिहिताना मी तो लिहिते, इथेही लिहिला आहे. पण परीक्षकांसमोर मी रेनू म्हणणार. कुणी हसलं तर थांबेन. हसून झालं की पुन्हा म्हणेन.