संगीताताईंनी लिहिलेला नियम

कोणी म्हणालं, "ताई, फाइल सापडत नाही," की संगीताताई विचारायच्या, "नाव नको सांगू. राहते कुठे ते सांग." वरणगावहून रोज रेल्वेने जळगावच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत येणाऱ्या या बाईंना अंदाजाने बोललेलं खपत नसे.

जळगावच्या आणि धुळ्याच्या दोन लॅबना आम्ही रक्ततपासणीचं एकच सॉफ्टवेअर दिलं होतं. विखुरलेल्या फायली जोडून एक करणाऱ्या बंडलरला ताईंनी नियम शिकवला होता: आधी त्या लॅबच्या फोल्डरमध्ये बघ, तिथे नसेल तर सामाईक फोल्डरमधली घे. आम्ही खूश होतो. ताई तर फारच.

धुळ्याच्या फोल्डरच्या नावात एक अक्षर कॅपिटल पडलं होतं. ताईंच्या लॅपटॉपला त्याने फरक पडला नाही. सर्व्हर मात्र लहान आणि कॅपिटल अक्षर वेगळं मानतो; त्याला तो फोल्डर दिसेना. त्याने निमूटपणे सामाईक फाइल उचलली. तिच्यात गरोदर बायकांसाठीची थायरॉइडची वेगळी मर्यादा नव्हती. धुळ्याच्या एका गरोदर मुलीच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून आलं. तिची डॉक्टर हुशार, तिने आकडा पाहून लॅबला फोन केला.

आमचे साहेब म्हणाले, "सर्व्हरचा प्रॉब्लेम होता असं लॅबला कळवू."

"सर्व्हरने मी सांगितलं तेच केलं," ताई म्हणाल्या. चेहरा उतरला होता. लॅबकडून सगळे रिपोर्ट पुन्हा तपासून घेतले आणि त्या मुलीची परवानगी विचारून मला घेऊन धुळ्याला निघाल्या. पारोळ्याला बस थांबली, तरी चहाला उतरल्या नाहीत.

"चूक माझी आहे," उंबऱ्यातच त्या म्हणाल्या.

मुलीने पाणी आणलं, अहिराणीत म्हणाली, "गोळ्या चालू शेत ताई. बठा ना. तुम्ही सांगाले उनात, हाई बरं शे."

ताई बसल्या, पण मान वर केली नाही. मुलीच्या आईने त्यांना विचारलं, "पोरी, तुले पोरं किती?" ताईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

परत आल्यावर त्यांनी नियम बदलला: लॅबची फाइल सापडली नाही तर काम थांबव, दुसरी घेऊ नकोस. पुढे मुलगी सुखरूप बाळंत झाल्याचं कळलं. मी पेढे आणले.

ताईंनी पेढा हातात घेतला. "ती डॉक्टरमुळे वाचली," त्या म्हणाल्या. "मी तिला 'नॉर्मल' म्हणाले होते."

त्याच वर्षी त्या नोकरी सोडून पुण्याला गेल्या. निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या बिनचूक कामाचं कौतुक केलं, तेव्हा ताई उठून बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.