रिव्हॉल्व्हर घेऊन हिंगोलीला

सकाळी आठला आखाड्यावरून (शेतातल्या राहत्या घरावरून) निघालो तेव्हा हळदीच्या पानांवर दव होतं आणि नंदाच्या गाडीच्या काचेवरही. नंदा माझी थोरली लेक. नांदेडला शाळेत शिकवते, गाडी स्वतः चालवते. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या लायसनची मुदत संपत आली होती. हिंगोलीला जाऊन हत्यार दाखवायचं आणि मुदत वाढवून घ्यायची, एवढ्यासाठी ती आदल्या दिवशी आली होती.

मी एसटीनं जायला तयार होतो. ती म्हणाली, "बापू, भरल्या एसटीत ते घेऊन बसणार तुमी? कुणाचा धक्का लागला तर?" मला पटलं. पटलं असं काही म्हणालो नाही.

आमचा आखाडा डोंगरकडा गावापासून लांब, एकटा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथं दरोडा पडला, माझं डोकं फुटलं, आणि मग खेटे घालून घालून मी हे लायसन काढलं. मी चौथी शिकलेला, पण त्यावरचा एकेक शब्द दुसऱ्याकडून वाचून घेऊन पाठ केलेला. नाव माझं, म्हणजे हत्यार माझ्याच ताब्यात पाहिजे. गाडीत टाकून उतरायचं नाही, कुणाच्या हातात द्यायचं नाही, चारचौघांत दाखवत फिरायचं नाही. नंदाची आई गेल्यापासून मी तिथं एकटाच राहतो. नंदा दर खेपेला म्हणते, नांदेडला चला. माझं उत्तर ठरलेलं असतं, "हत्यार हाय तोवर मला कुणाची गरज न्हाई." म्हणून मुदत वाढते की नाही यावर माझं आखाड्यावर राहणं टांगलेलं होतं. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

गोळ्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डब्याला सुतळी बांधली, डबा डिकीत ठेवला. रिव्हॉल्व्हर चामड्याच्या कव्हरात आणि कव्हर कापडी पिशवीत. नंदा म्हणाली, तेही पेटीत घालून, कुलूप लावून मागं ठेवू. मी म्हणालो, माझ्या मांडीवर राहील.

"मग एकदा उघडून बघा."

"काहून? रिकामं हाय."

"बघायला काय जातंय?"

"मला शिकवून राहिलीस का? तू फ्रॉक घालत होतीस तवापासून हाय ते माझ्याकडं."

ती गाडीत बसली. मी तिच्या शेजारी.

रस्ता आता चांगला रुंद झालाय. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मग कापूस. बाया वेचणीला लागल्या होत्या, त्यांच्या कमरेच्या ओट्या फुगलेल्या. तूर पिवळ्या फुलांवर आली होती. एरवी मी कुणाचं रान कसं आहे ते बोलत जातो. त्या दिवशी दोन्ही हात पिशवीवर होते आणि लक्षही तिथंच.

वारंगा फाट्याला खिचडी खाल्ल्याशिवाय पुढं जायचं म्हणजे तिथल्या माणसाचा अपमान. वाफ येणारी खिचडी, वर तळलेली मिरची. मी पिशवी गळ्यात अडकवून एका हातानं खात होतो. वाढणारा म्हणाला, "काका, पिशवी ठेवा की खाली. कोन नेतंय?"

"असू दे."

"सोनंनाणं हाय काय?"

"औषधं हायत."

नंदा पाण्याचा घोट घेता घेता म्हणाली, "व्हय, लई कडू औषध हाय. एकदा घेतलं की परत घ्यावं लागत न्हाई." वाढणाऱ्याला काही कळलं नाही. मला हसू आलं, पण मी मिरची लागल्यासारखं केलं.

या वयात लघवीला सारखं लागतं. फाट्यावर एकदा, बाळापूरच्या पुढं एकदा. दोन्ही वेळा पिशवी गळ्यात. दुसऱ्या वेळी तिचा बंद सदऱ्याच्या गुंडीत अडकला आणि मी बाभळीआड बराच वेळ झगडत राहिलो. नंदानं गाडीतूनच विचारलं, "बापू, मदत पाहिजे का?" मी म्हणालो, कायदा तसा नाही. तिनं तोंड फिरवलं, खांदे मात्र हलताना दिसले.

कळमनुरी यायच्या आधी पोलिसांची नाकाबंदी होती. पांढऱ्या मिशांचे एक जमादार काचेशी आले. निम्मं हिंदी, निम्मं मराठी, आपल्याकडं बोलतात तसं त्यांचं बोलणं.

"काका, थैले में क्या हाय?"

"रिव्हॉल्व्हर. लायसन हाय." मी कागद पुढं केले. त्यांनी उलटेपालटे करून नीट वाचले.

"कागद तो बराबर हैं. खाली है क्या?"

"खाली न्हाई," मी म्हणालो, "वर हाय. मांडीवर."

जमादार एकदम दोन पावलं मागं सरकले आणि हात वर करून म्हणाले, "काका, हात थैले से निकालो. आहिस्ते."

नंदा घाईनं म्हणाली, "साहेब, त्यांना वाटलं तुमी ठेवलंय कुठं ते विचारलं. रिकामं आहे, रिकामं."

माझ्या ध्यानात आलं. मी हसलो. "व्हय व्हय, त्या अर्थानं खालीच हाय. एकदम रिकामं."

"तो फिर खोल के बताओ. नीचे उतरो."

मी उतरलो. नळी जमिनीकडं, बोट चापापासून लांब. हे मला कुणी सांगावं लागत नाही. ताठ उभा राहिलो, कारण रस्त्यावरचे लोक बघत होते. खटका दाबून नळी वाकवली. आमचं रिव्हॉल्व्हर बिजागरीवर उघडतं आणि उघडलं की आतलं जे असेल ते आपोआप वर येतं.

एक गोळी वर आली आणि रस्त्याच्या धुळीत पडली.

मला ती पडलेली दिसलीसुद्धा नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आवाज आला एवढंच. जमादारांनी वाकून उचलली, पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तिच्या बुडाला हळद लागलेली होती.

हळद पाहिली आणि सगळं आठवलं. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की नंदाची आई रिव्हॉल्व्हरच्या, गोळी बसते त्या एका घरात तांदळाचे दोन दाणे टाकायची. पूजलेली वस्तू रिकामी ठेवू नये म्हणायची. शेजारणीचा डबासुद्धा तिनं कधी रिकामा परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी मी दाणे झटकून टाकायचो. यंदा पूजा पहिल्यांदाच एकट्यानं केली. तांदूळ कुठं अडकून बसतील म्हणून त्यांच्या जागी पूजेतलीच एक गोळी घातली. उद्या काढू म्हणालो. तो उद्या राहून गेला.

जमादार ओरडले नाहीत. वहीत नाव लिहिता लिहिता म्हणाले, "काका, बोलने से खाली नहीं होती. देखने से होती." गोळी डब्यात घालायला लावली, रिव्हॉल्व्हर डिकीत वेगळं ठेवायला लावलं आणि जा म्हणाले.

गाडीत बसलो. हात मोकळे होते आणि तेच मला सहन होईना. मघाशी पिशवी मांडीवर कशी होती ते मी मनात मांडून बघायला लागलो. पिशवीचं तोंड डाव्या हाताला, दाराकडं, म्हणून मूठही तिकडं. मग नळी कुणीकडं? नंदाकडं. तिच्या बरगडीकडं. केळीच्या बागांपासून इथपर्यंत, प्रत्येक खड्ड्यावर, प्रत्येक गतिरोधकावर.

मी तिच्याकडं बघितलं. ती समोर बघून गाडी चालवत होती. सकाळी मी म्हणाले होते ना उघडून बघा, असं ती एकदा तरी म्हणाली असती तर मी भांडलो असतो आणि मला बरं वाटलं असतं.

हिंगोलीत शिरलो तेव्हा हळदीनं भरलेले टेंपो रस्ता अडवून उभे होते, हवेला तोच वास. एरवी मला तो घरच्यासारखा वाटतो. त्या दिवशी नको झाला.

कचेरीतला कारकून भला माणूस होता. कागद बघून म्हणाला, "सगळं बराबर हाय, काका. इथं सही करा, म्हंजे पुढं पाठवतो."

नंदा हळू आवाजात म्हणाली, "करा सही. तुमची इच्छा. नाक्यावरचं मी घरी कुणाला सांगणार नाही."

मी पेन हातात घेतलं. सही मला चांगली येते, वळणदार. पेन तसंच धरून विचारलं, "जमा करून टाकायचं असंल तर कोन्ता कागद लागतो?"

"काहून? कागद तर सगळे बराबर हायत तुमचे."

"कागद बराबर हायत. मानूस न्हाई."

कारकुनानं नंदाकडं बघितलं. नंदानं खिडकीबाहेर.

सगळी दुपार कागद लिहिण्यात आणि ठाण्यात गेली. तिथं मी स्वतः नळी वाकवून दाखवली, सहाही घरांत बोट घालून बघितलं, डब्यातल्या गोळ्या एकेक करून मोजून दिल्या. पावती घडी करून खिशात ठेवली. ठाण्याच्या पायऱ्या उतरताना नंदानं माझा दंड धरला. मी हात सोडवून घेतला नाही.

परतीला लागलो. हरभरा नुकता उगवला होता, मधूनच एखादं रान गव्हासाठी भिजत होतं. मला वाटत होतं की इतकी वर्षं मी आखाडा राखला तो हत्यारामुळं. पण दरोड्यानंतर ते एकदाही उडवायची वेळ आली नाही. मग राखलं कशानं? नंदाची आई होती, गडी होते, कुत्री होती, येणारंजाणारं माणूस होतं. त्यातलं एकेक गेलं आणि मी लोखंडाचा तुकडा धरून बसलो. दोष लोखंडाचा नाही. रीतीनं ठेवणाऱ्यानं जरूर ठेवावं. पण रिकामं हाय, असं न बघताच ज्याच्या तोंडातून निघतं, त्यानं ठेवू नये. तो मी झालो होतो. कुणी काढून घेण्याआधी आपण दिलं, एवढी ऐट मी अजून सांभाळून आहे.

आखाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. नंदानं गाडी चालूच ठेवली, तिला नांदेड गाठायचं होतं. काच खाली करून म्हणाली, "एकटे राहाल ना, बापू?"

ठरलेलं उत्तर तोंडापर्यंत आलं. पण त्यातला पहिला निम्मा भाग आता खरा नव्हता, आणि उरलेला निम्मा आधीपासूनच नव्हता.

"आज ऱ्हाऊन जा," मी म्हणालो.

तिनं किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरली आणि घरात पीठ किती आहे ते बघायला गेली.