पणजोबांचं मृत्युपत्र आणि काकांचं घराणं

आमचे थोरले काका दौंडला रेल्वेत तिकीट तपासनीस होते. जन्मभर लोकांची तिकिटं तपासली आणि निवृत्त झाल्यावर लोकांची घराणी तपासायला घेतली. दौंडच्या ख्रिस्ती वस्तीत कोण मूळचा कोण, कोणाच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो पोटासाठी की प्रभूसाठी, हे ते रविवारी उपासनेहून परतताना मोठ्या आवाजात सांगत. स्वतःच्या घराण्याबद्दल मात्र त्यांना कधी शंका आली नाही. आमचे पणजोबा शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या छावणीत घोडदळाचे रिसालदार होते, खानदानी मराठा होते, आणि ख्रिस्तासाठी त्यांनी जहागिरीवर पाणी सोडलं होतं. ही जहागीर कोणत्या गावची होती, हे काकांनी दर वेळी वेगळं सांगितलं.

काकांच्या घरासमोर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. तेही आमच्याच चर्चचे. त्यांच्या घराण्याचे मूळपुरुष म्हणे काशीहून वेद शिकून आलेले शास्त्री होते, वादात हरले आणि ख्रिस्ती झाले. मास्तरांनी या शास्त्र्यांवर एक पुस्तिका छापून घेतली आणि नाताळात वाटली. एक प्रत काकांनाही दिली. त्या दिवसापासून काकांना जेवण जाईना.

यात एक अडचण होती. काकांची धाकटी मुलगी आणि मास्तरांचा मुलगा चर्चमध्ये एकत्र गाणी म्हणत, आणि गाणी संपल्यावरही बराच वेळ एकत्र असत. दोघांना लग्न करायचं होतं. मास्तर म्हणाले, "शिपाईगड्यांच्या घरात आम्ही मुलगा देत नाही." काका म्हणाले, "भिक्षुकांच्या घरात आम्ही मुलगी देत नाही." दोन्ही घरांत बायबल रोज वाचलं जात होतं.

संयुक्त महाराष्ट्र होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी तेव्हा शिरूरला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. एका सकाळी काका एसटीतून उतरले ते थेट माझ्या खोलीवर. कोट, टाय, हातात चामडी बॅग.

"कुणी गेलंय का?" मी विचारलं.

"पुस्तिका काढायची आहे," काका म्हणाले. "मास्तरांकडे नुसत्या गप्पा आहेत. आपण पुरावा देणार. माझ्या आजोबांनी मृत्युपत्र केलं होतं, असं माझे वडील एकदा रागाच्या भरात बोलले होते. ते इथल्या रजिस्ट्रार कचेरीत नोंदलेलं असणार. करणारा मेला की त्याची नक्कल कुणालाही मिळते, मी वकिलाला विचारून आलोय. त्यात सगळं असेल. जमीन, हत्यारं, मानपान."

वडील रागाच्या भरात का बोलले असतील, हे काकांनी विचारायला हवं होतं. मीही तेव्हा विचारलं नाही. मलाही रिसालदार पणजोबा आवडत होते.

अर्ज केला, फी भरली, तरी तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला बाजारचा दिवस होता. कचेरीच्या ओट्यावर दस्त लिहिणारे मांडी ठोकून बसले होते, भोवती खरेदीखतं करायला आलेली शेतकरी मंडळी. आतल्या म्हाताऱ्या कारकुनाने जुनं बांधीव पुस्तक काढलं, फुंकर मारली आणि आम्हा दोघांच्या तोंडावर धूळ उडवली. नोंद मोडीत होती. मोडी आम्हाला येत नव्हती, त्यांना येत होती. फक्त त्यांना कानांनी कमी ऐकू येत असे, आणि अशी माणसं वाचतात तसं त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"लिहून ठेवणार," ते ओरडले, "जात ख्रिस्ती, पूर्वीचे महार, धंदा मोतद्दार, राहणार घोडनदी छावणी!"

ओट्यावरची बोलणी थांबली.

"हळू वाचा," काका म्हणाले.

"आँ? व्हय, सावकाशच वाचतोय," कारकून म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी एकेक शब्द तोडून. "मो-त-द्दा-र. म्हंजी घोड्याला खरारा करनारा, लीद काढनारा."

"मोतद्दार म्हणजे काय ते आम्हाला कळतं!" काका म्हणाले. एवढं मात्र कारकुनांना ऐकू गेलं.

पुढचा मजकूर मला आजही पाठ आहे, कारण नंतर नक्कल माझ्याकडेच राहिली. पणजोबांनी लिहून घेतलं होतं: 'थोरले चिरंजीव पाद्रीसाहेबांकडे उपदेशक आहेत. आमचे अंगास घोड्यांचा वास येतो, सबब दोन वर्षे घरी आले नाहीत. त्यांस आमचे घराचा त्रास देणे नाही. घर व घोडी विधवा मुलीस द्यावी, तिने आम्हांस सांभाळिले. चिरंजीवांस आमचा आशीर्वाद द्यावा. त्यास वास येत नाही.'

हे उपदेशक चिरंजीव म्हणजे काकांचे वडील, माझे आजोबा. नम्रतेवरच्या त्यांच्या प्रवचनांसाठी लोक लांबून येत. त्यांना बहीण होती, हे घरात कोणी कधी उच्चारलं नव्हतं.

ओट्यावरचा एक पागोटेवाला शेतकरी खिडकीतून डोकावून म्हणाला, "म्हाताऱ्यानं ब्येस लिवलंय की!" बाकीचे हसले. काका इतके लहान दिसायला लागले की त्यांच्या कोटात अजून एक माणूस मावला असता. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. जातीचं म्हणाल, तर शाळेतल्या निम्म्या मुली त्याच घरांतल्या होत्या आणि मी त्यांनाच शिकवत होते. मला त्या म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. त्या एका आशीर्वादात त्याने मुलाची जेवढी लाज काढली होती, तेवढी शिव्या देऊनही निघाली नसती.

"चला," काका उठून म्हणाले. "नाव सारखं असेल. हे आपले नव्हेत."

"थांबा, साक्षीदार ऱ्हायलं," कारकून म्हणाले. त्यांना काम अर्धवट सोडायची सवय नव्हती. "साक्ष पहिली, जात ख्रिस्ती, पूर्वीचे महार, धंदा मोतद्दार, निशाणी डाव्या हाताचा अंगठा." आणि त्यांनी त्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि आडनाव वाचलं.

काका दारात थबकले. ते नाव मास्तरांच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर होतं. काशीच्या शास्त्र्यांचं.

"पुन्हा वाचा," काका म्हणाले. "मोठ्यांदा वाचा."

बाहेर येऊन त्यांनी मला भेळ खाऊ घातली. मृत्युपत्र आता आपलं झालं होतं. नाव सारखं असण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

नक्कल हातात आली तशी काकांनी मला दौंडला बोलावलं आणि आम्ही मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी चष्मा लावून बाळबोधीत उतरवलेला कागद वाचला. साक्षीदारापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मजकूर तोच होता.

"काशीहून आलेल्या माणसाचा अंगठा बघा," काका म्हणाले. "वेद तोंडपाठ, सहीच तेवढी राहिली."

"रिसालदारसाहेब लीद काढायचे, तेही लिहिलंय," मास्तर म्हणाले.

आतून मास्तरीणबाईंनी चहा आणला. दोघांनी बशीत ओतून घेतला, फुर्र करून प्याले. मग मास्तर शिकवल्यासारखं बोलू लागले. "आपण दोघं या समाजातली वडीलधारी माणसं. समाजाची श्रद्धा आहे. असली कागदपत्रं गैरसमज वाढवतात."

"अगदी बरोबर," काका म्हणाले.

"तुमच्या पुस्तिकेला प्रस्तावना मी लिहीन."

"आणि मुलांचं काय?"

"एवढी जुनी मैत्री दोन घराण्यांची," मास्तर म्हणाले. "एकमेकांच्या मृत्युपत्राला साक्षी राहिलेली माणसं. आपण कोण आड येणार?"

दोघांनी उठून हात मिळवले. मागच्या दाराने नुकतीच आलेली माझी चुलत बहीण स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती, ती रडायला लागली. का, ते कळल्यावर मला हसू आवरेना. तिला वाटलं, वडिलांचं मन पाझरलं.

मला मात्र ती विधवा मुलगी सोडवेना. घर, घोडी मिळालेल्या त्या बाईचं पुढे काय झालं? शाळा सुटल्यावर मी पुन्हा कचेरीत जाऊ लागले. म्हातारे कारकून चिडत, पण पुस्तकं काढत. पुढच्या एका पुस्तकात तिचंही मृत्युपत्र निघालं. बापासारखंच, थोडक्यात. तिने त्या एका घोडीवर टांग्याचा धंदा काढला होता, घोडनदी ते कोरेगाव वाहतूक करत होती, आणि मरताना दोन टांगे आणि घर मुलीला ठेवलं होतं. मुलगी यवतेस दिली आहे, असं त्यात लिहिलं होतं.

यवत म्हणजे पुण्याहून दौंडच्या वाटेवर. मी एका रविवारी तिथे उतरले आणि त्या मुलीचं घर विचारत गेले. रस्त्यालगत शेवंतीचा मळा होता, मळ्यात एक ताठ म्हातारी फुलं तोडत होती. मी सलाम केला, कोण कुठली ते सांगितलं. तिने वर न बघता पाटी भरली.

"म्हंजी उपदेशकाची नात तू," ती म्हणाली. "आन् दौंडचा तिकीटवाला तुझा काका. माझा मामेभाऊ त्यो."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"आमाला कवाचं ठावं हाय. ठावं नसायचं काम तुमच्याकडं व्हतं." मग हसली. "एकदा गाडीत मी त्याला म्हनलं, भावा, मी तुझी आतेबहीण. त्यो म्हनला, आधी तिकीट दाखव."

"मग?"

"दाखवलं की. व्हतं माझ्याकडं."

तिने मला भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. पणजोबांच्या गोष्टी सांगितल्या, आईकडून ऐकलेल्या: साहेबाच्या घोड्याला ते मराठीत शिव्या देत आणि साहेबाला वाटे घोड्याशी लाडानं बोलतोय. मला इतक्या वर्षांत घरात पणजोबांचं असं काहीच ऐकायला मिळालं नव्हतं, तिथे नुसती जहागीर होती.

लग्नाच्या यादीत तिचं नाव घालावं म्हणून मी काकांकडे हट्ट धरला. काका म्हणाले, "बोलव. पण नातं वगैरे काढू नकोस. व्याही काय म्हणतील?"

व्याह्यांचं नातं कुठून निघालं याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.

लग्नाच्या दिवशी ती नातवाबरोबर आली. शेवंतीच्या भरलेल्या चार पाट्या घेऊन, हिरवं लुगडं नेसून. चर्चच्या दाराशी, वेदीपुढे, खिडक्यांत, सगळीकडे तिचीच फुलं लागली. उपासना झाली, मास्तरांनी दोन थोर घराण्यांच्या मीलनावर भाषण केलं, काकांची पुस्तिका वाटली गेली. तिच्यात पणजोबा 'अश्वदळाशी निकट संबंध असलेले' होते, आणि हे खोटं नव्हतं.

मंडपात ती काकांसमोर जाऊन उभी राहिली. "सलाम भावा."

काकांच्या शेजारी पुण्याहून आलेले पाळक बसले होते. त्यांनी कौतुकाने विचारलं, "या कोण?"

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "या होय," ते म्हणाले, "या फुलं घेऊन आल्यात. यवतच्या."

मला वाटलं, ती आता सगळं बोलणार. ती जराही चिडली नाही. पदर सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "व्हय, फुलवालीच मी. मग फुलांचं पैकं द्या की. पाहुनी आसते तर आहेर झाला आसता."

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. काकांना अजूनही वेळ होता. एक शब्द बोलायचा होता, बहीण, आणि तो फुकट होता. काकांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, पाकीट काढलं आणि नोटा मोजून तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या पुन्हा मोजल्या, एक जास्तीची मागितली, आणि काकांनी तीही दिली.

ती जेवली नाही. मीही तिच्याबरोबर उठले. दौंडच्या फलाटावर पुण्याकडच्या गाडीला अवकाश होता. मी काकांच्या वतीने काहीतरी सांगायला बघत होते, जमत नव्हतं. तिने नातवाला पिटाळून त्या पैशातून तिघांपुरती गरम भजी आणि चहा मागवला, कमरेची चंची नीट खोवली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"खा गं पोरी," ती म्हणाली. "आमच्या भावानं पयल्यांदाच काय तरी दिलंय."