दोन मुली, तीन दोरे

मला नऊ महिन्यांच्या जुळ्या मुली होत्या आणि त्यांतली थोरली कोण, हे मी एका शनिवारी हरवून बसलो.

मुली हरवल्या नव्हत्या. त्या समोरच होत्या, दोघी, धडधाकट, माझ्याच चपलेची दोन टोकं तोंडात धरून. हरवलं होतं ते एवढंच, की यातली स्वरा कुठली आणि सावी कुठली.

जुळं झालं म्हणून आमचं कौतुक करायला अख्खं देवबाग येऊन गेलं. पेढे खाऊन झाले की सगळे म्हणायचे, 'एकाच खर्चात दोन!' (म्हणणाऱ्यांपैकी एकही जण दुसऱ्या दिवशी लंगोट धुवायला आला नाही.) या दोघींनी झोपेच्या पाळ्या लावून घेतल्या होत्या. एक झोपली की दुसरी कामावर हजर. नऊ महिन्यांत मी बसून जेवल्याचं मला आठवत नाही. एकदा तर पर्यटकांना खोली दाखवता दाखवता मी दाराच्या चौकटीला टेकून झोपलो. ते बिचारे मला न उठवता स्वतःच चादरी घालून मोकळे झाले.

माझी ही गत, तर सुप्रियाची काय असेल? माझी बायको कसालच्या शाळेत गणित शिकवते. सोमवारपासून तिने पुन्हा शाळेत जावं की रजा वाढवावी, यावर घरात महिनाभर खल चालला होता. तिला जायचं होतं. मुली माझ्यावर टाकून जायचा धीर होत नव्हता. शेवटी ठरलं, की शनिवारी तिने मुख्याध्यापकांना भेटायला जावं, दिवसभर मी आणि आईने मुलींना सांभाळावं, आणि तो दिवस नीट पार पडला तर सोमवारी हजर व्हावं. पावसाळ्यामुळे माझी बोट वर ओढलेली, खोल्या रिकाम्या. मी छाती काढून हो म्हणालो.

दोघींना ओळखायची सोय सुप्रियाने बारशालाच करून ठेवली होती. दृष्ट लागू नये म्हणून दोघींच्या पायात काळा दोरा, पण थोरल्या स्वराच्या डाव्या पायात आणि सावीच्या उजव्या. सगळं घर त्या दोऱ्यांवर चाललं होतं.

त्या दिवशी आंघोळ, पेज, झोप सगळं सुरळीत झालं. दुपारी माझ्या लक्षात आलं, की स्वराचा दोरा तिच्या गुटगुटीत पायात रुतलाय. मी कात्रीने तो कापला. मग वाटलं, एकीला नवा आणि दुसरीला जुना हे काही बरं नाही, बापाने असा दुजाभाव करू नये. म्हणून दुसरीचाही कापला.

पण मी काही अगदीच हा नव्हे. स्वराला दाराकडे ठेवलं, सावीला भिंतीकडे ठेवलं, दोनदा मनात घोकलं आणि मगच दोरा आणायला आत गेलो. या मुली गेल्या आठवड्यापासून रांगायला लागल्यात, हे घोकायचं राहिलं. परत आलो तेव्हा दोघी खाटेखाली चपलेवर होत्या.

मी 'स्वरा' अशी हाक मारली. दोघींनी वळून पाहिलं. 'सावी' म्हणालो. पुन्हा दोघींनी. नऊ महिन्यांत कोणी त्यांना एकेकटीला हाकच मारली नव्हती. त्यांच्या समजुतीने त्या दोघींचं मिळून एकच नाव होतं.

आईला बोलावलं. ती बांगडे साफ करता करता हात तसेच घेऊन आली.

"माका नाती वळखाक दोरो व्हयो?" असं म्हणून तिने एकीकडे बोट दाखवलं. मग जरा वाकली, आणि दुसरीकडे दाखवलं. मग हात धुऊन, चष्मा लावून आली, आणि पुन्हा पहिलीकडे बोट दाखवलं.

आता मात्र मी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजता सुप्रिया येणार. लेकी सोडा, त्यांची नावंही मला सांभाळता आली नाहीत हे कळलं, तर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही. शिवाय एक मुलगी जन्मभर बहिणीच्या नावाने जगणार, ती माझ्यामुळे!

"देवाक इचारुया," आई म्हणाली.

आमच्याकडे घराचा पाया कुठे खणायचा इथपासून सगळं देवाला विचारतात. देवळात गुरवांनी पाषाणाला डावी-उजवीकडे पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. एक मुलगी आईच्या कडेवर, दुसरी माझ्या. गुरवांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा, आज ह्या लेकरान जो काय घोळ घातल्यान हा, तो तुझ्या पायाकडे घेवन इलेत. आजयेकडे आसा तीच जर थोरली असात, तर उजवो कौल दी, रे महाराजा!"

"व्हय महाराजा," आम्ही म्हणालो.

एवढ्यावर थांबतील ते गुरव कसले? पुढे माझी बोट आली, आईचे गुडघे आले, घराची राखण आली. तेवढ्यात माझ्या कडेवरच्या मुलीने माझा शर्ट भिजवला. मी तिला आईकडे दिलं, आईकडची मी घेतली, आणि त्याच क्षणी उजवी पाकळी पडली.

"उजवो इलो," गुरव समाधानाने म्हणाले. "आजयेकडची थोरली."

आता देवाने प्रश्न ऐकला तेव्हाची, की पाकळी पाडली तेव्हाची? पुन्हा विचारा म्हटलं, तर एका गोष्टीला दोनदा कौल मागायचा नसतो. घरी येईपर्यंत मी आणि आई भांडत होतो; मी म्हणे ऐकला तेव्हाची, आई म्हणे पाडली तेव्हाची. शेवटी आईचं खरं धरून मी दोरे बांधले, होडीची गाठ मारून, आणि पाचची वाट पाहत बसलो.

सुप्रिया आली. हात-पाय धुतले, मुलींसमोर बसली, शांतपणे दोन्ही गाठी सोडवल्या आणि दोऱ्यांचे पाय बदलले. मी सगळं कबूल करून टाकलं, देवळासकट.

"पण तुका कळला कसा?"

"आवस आसंय मी त्यांची."

"मगे ते दोरे कित्याक बांधलंस?"

"ते तुमका कळाक व्हये म्हणान."

मी मान खाली घातली. शाळा बुडाली ती माझ्यामुळे, असं म्हणून माफीही मागितली. तिने दोघींच्या पोटांवर हात ठेवला. पोटं टम्म होती.

"जेवल्या, न्हाल्या, निजल्या. बापूस त्यांका घेवन देवळापर्यंत धावलो," ती म्हणाली. "नावां मी बघीन. सोमवारी जातंय मी."

मला रडूच आलं. खरं सांगतो, थकव्याने आलं की आनंदाने, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

सोमवारी निघताना तिने उरलेला काळा दोरा माझ्या डाव्या मनगटाला बांधला. थोरलीचा पाय या बाजूचा, एवढं तरी लक्षात राहावं म्हणून.

मुलींचे दोरे पहिल्या वाढदिवसाला काढले. माझा अजून आहे.