सोवळ्यातलं सॉफ्टवेअर

त्या महिन्याची मला अजून शिसारी येते. सगळ्यात जास्त माझी स्वतःचीच. पण आधी इतरांबद्दल बोलून घेतो, त्यांनीही काही कमी डोकं खाल्लं नाही.

इकडे कन्नड मुलखात, चामराजपेटेत आम्ही दोघंच राहतो, मी आणि माझी थोरली बहीण. अक्काचं ऐकणं सातव्या वर्षी तापात गेलं. माझे ओठ बघून तिला घरातलं बोलणं कळतं. स्वतः ती स्वल्प बोलते, कारण आपला आवाज लोकांना विचित्र वाटतो हे तिला लहानपणीच कुणीतरी शिकवून ठेवलंय. तिचं खरं बोलणं हातांनी, आणि तेही शाळेतल्या अकरा मैत्रिणींशी. सगळ्या साठीच्या पुढच्या. रोज चारला भांडी आवरून अक्का कंप्यूटरसमोर बसायची आणि पडद्यावर त्या बायका जमायच्या. फोनवर तिचं भागत नसे. फोन धरण्यात एक हात अडकला तर उरलेल्या एकाने बोलणार किती? कंप्यूटरवर कॅमेरा बसवला की दोन्ही हात मोकळे. संध्याकाळी मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून घरी यायचो तरी यांचं संपलेलं नसायचं.

तो कंप्यूटर म्हातारा झाला, चालू व्हायला पंधरा मिनिटं घ्यायला लागला. मी त्यावर लिनक्स टाकलं. कारखान्यात मी लेथ मशीनचे प्रोग्रॅम लिहितो आणि वीस वर्षांचा कट्टर लिनक्सवाला आहे. ‘फुकट नव्हे हो, मुक्त!’ हा फरक मी लग्नाच्या पंक्तीतसुद्धा लोकांना ऐकवलाय, समोरच्याचा भात निवेपर्यंत. कंप्यूटर पळायला लागला. फक्त सगळं जग गप्पा मारायला जे वापरतं, त्यावर तिथे चिठ्ठ्या यायच्या पण व्हिडिओ लागेना.

“जुनं होतं तेच परत टाक,” अक्का म्हणाली. तासाभराचं काम. पण मी? आणि मागे? छे!

मी इंटरनेटवर आमच्या जातभाईंना विचारलं, गप्पांसाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं? अहाहा! एकाने एक नाव सांगितलं, तर दुसरा म्हणाला, त्याचा प्रोग्रॅम खुला आहे पण सर्व्हर बंद, शी! दुसऱ्याचा सर्व्हर खुला, पण तो फोन नंबर मागतो, शी शी! तिसऱ्यात सगळं खुलं, पण ते चालवणाऱ्यांनी कुणाकडून तरी देणगी घेतली होती म्हणून तेही बाटलेलं. सोवळं नेसलेल्या आचाऱ्यासारखे याला शिवू नको, त्याला शिवू नको करत नुसते नाकाने कांदे सोलत होते. एका महाभागाने तर विचारलं, तुमच्या बहिणीला व्हिडिओ हवाच कशाला, लिहून बोलू दे की. तेव्हाच उठून त्याच्या नावाने आंघोळ करायला हवी होती. आणि लाजेची गोष्ट सांगतो, मी त्याला दोन पानी उत्तर लिहिलं, ते सर्व्हरबद्दल.

मग टाकाटाकी सुरू झाली. पहिल्याला कॅमेराच दिसेना. दुसऱ्यात चित्र अडकायचं. हातांच्या बोलण्यात चित्र अडकलं की वाक्याचा तुकडाच पडतो. तिसऱ्याचा मूळ कोड आणून त्यापासून प्रोग्रॅम घरीच तयार करायचा होता. त्यात एक फाईल कमी, ती आणली तर तिला आणखी चार हव्यात. जीव मेटाकुटीला आला, पण माझा हट्ट! शेवटी एका जुन्या मशीनवर स्वतःचा सर्व्हर उभा केला, अक्काला हॉलमध्ये बसवलं, मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. चित्र स्वच्छ, हात सरसर हलताहेत! मी ओट्यापाशी उड्या मारल्या.

अक्काने यादी वरखाली करून पाहिली. “त्या कुठायत?”

मी कन्नड आणि मराठीत कृती लिहून सगळ्यांना पाठवली. दोघींनी प्रयत्न केला. एकीच्या फोनमध्ये जागा नव्हती. दुसरीकडे आधी पासवर्ड मागितला, मग बारा शब्दांची गुप्त किल्ली, आणि नातीने ‘बेड अज्जी, नको, सोडून द्या’ म्हणून फोन काढून घेतला. बाकीच्या हलल्याच नाहीत. लोकांना स्वातंत्र्य नकोच असतं, असं मी जेवताना भाताकडे बघत म्हणालो. मग माझ्या सुपीक डोक्यातून निघालं, “अक्का, तू तिथे आहेस तोवर त्या इकडे कशाला येतील? तुझं जुनं खातंच काढून टाकू. मग झक मारत येतील.”

तिने मला ते दोनदा बोलायला लावलं. माझ्या ओठांकडे बघत राहिली. “तुला कळतं, तम्मा. सरी, तसं कर.”

मी तिच्या नावाने ग्रुपवर शेवटची लिंक टाकली आणि खातं पुसलं.

त्या बायकांनी काय समजावं? सोबत एक शब्दही नाही, नुसती एक अनोळखी लिंक, आणि मागोमाग अक्का गायब. त्यांनी शहाण्या माणसासारखं ठरवलं की अक्काचा फोन कुणा भामट्याच्या हाती लागलाय, लिंकला कुणी हात लावायचा नाही. बरोबरच होतं त्यांचं. भामटा घरातलाच होता एवढंच.

त्या रविवारी त्यांची लालबाग उद्यानाच्या फाटकापाशी भेट ठरली होती. एक मैत्रीण कायमची हुबळीला मुलाकडे जाणार होती, तिला निरोप द्यायला. आदल्या दिवशी तिचा गुडघा सुजला म्हणून सगळ्यांनी तिच्या घरीच जमायचं ठरवलं, आणि सवयीने ते फक्त ग्रुपवर लिहिलं. अक्का खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन दहाला फाटकाशी पोचली. दोनपर्यंत बसली. तिने साधे मेसेजही पाठवले. पण त्या मेसेजांत बँकवाले आणि जाहिरातींशिवाय कुणी नसतं म्हणून ते कुणी उघडत नाही. तीनच्या गाडीने मैत्रीण गेली. अक्का रागावून आली नाही असं ती समजली. हे मला सोमवारी कळलं, दुसरी एक मैत्रीण चौकशीला घरी आली तेव्हा. ती निरोपाची भेट आता मी कुठून परत आणू?

रविवारी अक्का घरी आली तेव्हा मी सर्व्हर अपडेट करत होतो. “झाली का मजा?” मी विचारलं. तिने भरलेला डबा टेबलावर ठेवला. चपला न काढता कंप्यूटरसमोर बसली आणि टाइप करायला लागली. मी तिच्यापासून दोन हातांवर उभा. माझ्या खिशात फोन वाजला.

‘इथे फक्त तू आहेस,’ तिने लिहिलं होतं. ‘तू तर घरातच असतोस.’