अक्काला भाकरी द्या, एवढेच म्हणायचे होते

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. या विषयावर लिहायला धजावतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. काही माणसांना गहू सोसत नाही, गव्हाने त्यांचे शरीर आपल्याच आतड्यांवर उलटते आणि गहू कायमचा सोडणे हाच उपाय, असे आता डॉक्टर सांगतात. मला आठवते ते त्याच्या फार आधीचे, तिसाच्या दशकातले.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. पुण्याला शिकत होतो. थोरली बहीण, अक्का, सोलापुरात भवानी पेठेत दिलेली. घर सुताच्या व्यापाऱ्याचे, दोन्ही वेळा गव्हाच्या पोळ्या. आमच्या मंगळवेढ्याकडे गहू सणालाच दिसे. पोरीने नशीब काढले, असे सगळे म्हणाले.

दोन वर्षांत तिची काडी झाली. पोट सतत बिघडलेले, अंगात रक्त नाही. वैद्यांनी संग्रहणी म्हटले आणि हलके खायला सांगितले: गव्हाची पेज, रव्याची खीर. ज्वारीची भाकरी जड म्हणून बंद.

उन्हाळ्यात ती माहेरी आली, तेव्हा घरात गव्हाचा दाणा नव्हता.

"आजारी लेकीला भाकरी वाढायची पाळी आली की रं," आई तोंड फिरवून म्हणायची.

"मला हीच ग्वाड लागती," म्हणत अक्का ताकात भाकरी कुस्करायची. दीड महिन्यात ती विहिरीवरून घागर आणू लागली. कारण मला कळत नव्हते, नुसते दिसत होते.

तिला पोचवायला मी गेलो. वाटेत दहादा वाक्य जुळवले. तिच्या सासूबाईंना म्हणालो, "अक्काला भाकरी दिली तर..."

"काय हो कॉलेजवाले, सुनेला भाकरी घालू? लोक म्हणतील, ह्यांच्यातला गहू संपला."

दाजी हसले. "तुमी परीक्षेचं बघा की. औषधपाणी आमी बघतो."

अक्का दाराआडून मान हलवत होती, बोलू नको म्हणून. जुळवलेले वाक्य मी अर्ध्यावरच सोडले. मुलीकडचा, वयाने लहान, आणि माझ्या पुस्तकांत तर असे कुठेच लिहिलेले नव्हते. पुण्याहून दाजींना पत्र लिहिले, दोनदा फाडले, तिसरे पोस्टात टाकले. त्यातही भाकरीची गोष्ट शेवटच्या ओळीत, "जमल्यास" म्हणून.

उत्तर दिवाळीनंतर आले. मयताच्या पत्राचा फाडतात तसा कार्डाचा कोपरा फाडलेला होता. अक्का गेली, दाजींनी लिहिले होते. आम्ही कशाला कमी पडू दिले नाही, शेवटच्या दिवसापर्यंत गव्हाची पेज चालू होती.