ताकदीची गोळी

आजारपण माणसाला सत्याच्या जवळ नेतं, असं आमच्या साखर कारखान्याचे चेअरमन आरोग्य शिबिराच्या उद्घाटनात म्हणाले होते. मला त्यानं सोलापूरला नेलं, तेही एसटीत उभ्यानं.

तिथल्या डॉक्टरांनी बेंबीपाशी भोक पाडून दुर्बिणीनं पोट पाहिलं आणि निदान सांगितलं: एंडोमेट्रिओसिस. म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, भलतीकडेच वाढतं. दर महिन्याला तिथंही रक्त सुटतं आणि बाई ढोरासारखी ओरडते. त्याआधी धाराशिवच्या दोन डॉक्टरांनी "मूल झालं की थांबेल" एवढंच सांगितलं होतं. औषध म्हणून मूल! टँकरच्या रांगेत कळ येऊन मी घागरीसकट खाली बसायची, तेव्हा आमच्या ढोकी गावच्या बायकाही हेच सांगायच्या, आणि फुकट.

"दुसरं काही औषध चालू आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यांना, माझ्याआधी बोलल्या, "न्हाय बा. एक ताकदीची गोळी खाती, माहेरापासनं."

ती गोळी फेनिटॉइन होती, फिट येऊ नये म्हणून घ्यायची. फिट मला शाळेत असल्यापासून. आमच्याकडं मुलीचं लग्न ठरवताना आधी तिची फिट पुसून टाकतात. आईनं लग्नात ट्रंकेत गोळ्या ठेवल्या आणि सांगितलं, पोरगी अशक्त आहे, ताकदीची गोळी चालू आहे. नवऱ्यालाही तेवढंच ठाऊक. दवाखान्यात मी गप्प बसले. बोलले असते तर पोटाआधी संसार दुखला असता.

डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. कुटुंब नियोजनाच्याच त्या. अस्तर वाढू देत नाहीत. काही महिने घेतल्या. दुखणं थांबलं नाहीच, वर मधेच रक्त जायला लागलं.

पुन्हा सोलापूर. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांना दाद देत नाही. गर्भाशय काढून टाकू." दोरीवरचं धुणं काढावं तसा सूर. मी चोवीस वर्षांची होते.

मी माहेरच्या गोळ्यांचं पाकीट त्यांच्या टेबलावर आपटलं. "ही ताकदीची नाही. मला फिट येते."

डॉक्टरांनी पाकीट वाचलं आणि डोक्याला हात लावला. "हिच्यामुळं यकृत हार्मोन भराभर मोडून टाकतं. माझी गोळी तुमच्या रक्तात टिकतच नव्हती."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. आता त्या मला माहेरी पाठवतील, या तयारीनं.

"मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "लगीन झालं त्याच साली न्हाणीत पडली व्हतीस. म्याच दार लावून धरून बसले."

"मग बोलला का नाहीत?"

"तू झाकतीस, तर म्या कशाला उघडं पाडू? तुझ्या आईची लाज राखली, बये!"

"आणि माझं गर्भाशय?"

त्यांनी पदर सारखा केला. माझा राग अजून उतरलेला नाही. तीन शहाण्या बायकांनी, मी धरून, एकमेकींची अब्रू इतकी जपली की माझी ओटी रिकामी होत होती.

फिटची गोळी बंद करायची नाही, मनानं तर मुळीच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. हार्मोनची जास्त ताकदीची गोळी दिली. मधे खंड न पाडता सलग घ्यायची, आणि तपासणीला येत राहायचं. हळूहळू दुखणं सोसण्याजोगं झालं. गेलं नाही. नवऱ्याला आत्याबाईंनीच सांगितलं; त्यानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, मग म्हणाला, गोळी घेतलीस का?

तुम्हाला असं दुखत असेल तर डॉक्टरांपुढं प्रत्येक गोळी तिच्या खऱ्या नावानं ठेवा. सोबत कोण बसलंय ते बघू नका. ज्यांनी पाकीट वाचलं त्या डॉक्टरांचे मी आभार मानते. पहिल्याच भेटीत वाचलं असतं तर जास्त मानले असते.

पुढच्या शिबिरात चेअरमननी कुटुंब नियोजनाचा आदर्श म्हणून माझा सत्कार केला. मला मूल नव्हतं, पण गोळी नेमानं घेणारी गावात मी एकटीच होते. हार घातला, बादली दिली.

गर्भाशय जागेवर आहे. बादली गळते.